शोकसभेत न सांगितलेली शेती

मामाच्या शोकसभेत मी अकरा मिनिटं बोलले आणि त्यातलं निदान अर्धं खोटं बोलले. अकरा मिनिटं हा आकडा पक्का आहे, कारण गावच्या मंडळाच्या ग्रुपवर त्या भाषणाचा व्हिडिओ फिरला आणि मी तो इतक्या वेळा पाहिला की कुठल्या वाक्याला कोण डोळे पुसतं तेही मला पाठ झालं. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. वाईट मी एक अक्षर बोलले नाही. मी त्याच्याबद्दल इतकं चांगलं बोलले, की ऐकणाऱ्याला माझा मामा त्यात शोधूनही सापडला नसता. आज दीड वर्षानंतरही ते भाषण छान झालं असं सांगणारा कुणी भेटला की मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

मामा म्हणजे माझ्या आईचा धाकटा भाऊ. तळोज्याला एका केमिकल कंपनीत ऑपरेटर होता, तिन्ही पाळ्यांत काम करायचा आणि कळंबोलीत एक खोली-किचनच्या घरात मामीबरोबर राहायचा. त्यांना मूलबाळ नव्हतं. मामाला दोन नाद होते. एक वाचायचा आणि दुसरा व्हिडिओ गेम खेळायचा. पहिल्या नादाचं नातेवाइकांत फार कौतुक होतं. दुसऱ्याचा विषय निघाला की माणसं पाणी प्यायला उठायची.

आम्ही कोकणातले बौद्ध. आमच्या घरांत देव्हारा नसतो, पुस्तकांचं कपाट असतं आणि त्याच्यावर महामानवांच्या तसबिरी. पणजोबांना शाळेत आत बसू देत नव्हते, हे आम्हाला बाराखडीच्या आधी सांगितलं जातं. त्यामुळे हातात पुस्तक असलेला माणूस आमच्यात आपोआप मोठा होतो, मग तो पुस्तक उलटं धरून का बसेना. आणि व्हिडिओ गेम खेळणारा म्हणजे वाया गेलेला. मामा पस्तिशी ओलांडून गेला तरी खेळत होता. लग्नाला दहा वर्षं झाली तरी खेळत होता. माझी आई म्हणायची, ‘बाकी माझा भाऊ सोनं आहे.’ त्या ‘बाकी’त काय काय येतं ते सगळ्यांना कळायचं.

वाचायचा मात्र तो खरोखरच अधाशासारखा. कंपनीच्या बसमध्ये वाचायचा, जेवताना वाचायचा, मामी भाजी निवडत असली की तिला मोठ्याने वाचून दाखवायचा. रद्दीवाल्याकडून वजनावर पुस्तकं आणायचा आणि प्रत्येकाला जुन्या कॅलेंडरच्या पानाचं कव्हर घालायचा. त्यामुळे त्याच्या कपाटात पुस्तकांच्या पाठींवर एकादश्या, पौर्णिमा आणि बँकेच्या सुट्ट्या दिसायच्या. प्रवासवर्णनं, इतिहास, खुनाच्या गोष्टी, बॉयलरची माहितीपुस्तकं, त्याला काहीही चालायचं. ‘आवडलं नाही तरी पूर्ण करायचं, लिहिणाऱ्याने घाम गाळलेला असतो,’ असं तो म्हणायचा.

मी चौथी-पाचवीत असल्यापासून मे महिन्याची सुट्टी मामाकडे काढायची. आम्ही वाशीला भाड्याच्या खोलीत राहायचो, वडील एका ऑफिसात शिपाई होते. सुट्टीत घरात मी नसले की आईला जरा श्वास मिळायचा. मामाकडे तेव्हा एक जुनाट कॉम्प्युटर होता आणि त्याच्यावर सीडी टाकून चालणारा एक गोष्टीचा गेम होता. त्यात एक माणूस गावोगाव हिंडायचा आणि भेटेल त्याच्याशी बोलायचा. जो तो इंग्रजीतून बोलायचा, आणि बोलणं पडद्यावर खाली लिहून यायचं. मामा मराठी शाळेत शिकलेला, मीही मराठी शाळेत. आम्हाला दोघांनाही ठो कळायचं नाही.

मामाने मग दोघांच्या मधे एक शब्दकोश ठेवला. पडद्यावर ओळ आली की मी शब्द शोधायचा आणि मामाने वहीत लिहायचा. एक म्हातारा चार वाक्यं बोलायचा आणि आमची सकाळ जायची. मामी डोकावून म्हणायची, ‘अजून ह्याचं बोलणं संपलं नाय? काय वकील हाय काय?’ पहिल्या सुट्टीत आम्ही दोन गावं ओलांडली. दुसऱ्या सुट्टीत माझं शब्दकोशात बघणं कमी झालं. शाळेत मला इंग्रजीत भाज्यांची नावं येत नव्हती, पण शाप, तळघर, राजद्रोह आणि अनाथ हे शब्द स्पेलिंगसकट येत होते. सातवीत बाईंनी ‘माझे गाव’ या विषयावर इंग्रजीत निबंध लिहायला सांगितला, तर मी गावाला शाप लागल्याचं लिहिलं. बाईंनी आईला बोलावून घेतलं. मामाला हे कळलं तेव्हा तो इतका हसला की त्याला ठसका लागला.

पुढे मी इंग्रजी घेऊन एम.ए. केलं आणि वाशीच्या एका ज्युनिअर कॉलेजात शिकवायला लागले. आमच्या गावच्या माणसांत कॉलेजात शिकवणारी मी पहिली बाई. गावच्या मंडळाचे सचिव मला मॅडम म्हणतात, माझ्या आईच्या वयाच्या बायका मला मॅडम म्हणतात. हे मला आवडतं. नाही आवडत म्हणणं हे आणखी एक खोटं होईल.

तोपर्यंत मामाचा कॉम्प्युटर जाऊन टीव्हीला लावायचं मशीन आलं होतं. ओव्हरटाइम करून त्याने ते घेतलं, आणि त्याला दोन रिमोट होते. दुसरा रिमोट घेणार कोण म्हणून त्याने मामीच्या हातात दिला. ‘मला नाय जमायचं’ म्हणत तिने तो धरला आणि पुढची आठ वर्षं सोडला नाही. त्या मशीनवर त्यांनी एक शेतीचा गेम लावला होता. दोघांचं मिळून एक शेत. नांगरायचं, पेरायचं, पाणी घालायचं, पीक आलं की बाजारात न्यायचं. पाळी बदलली की वेळ बदलायची, पण रोजचे दोन तास ठरलेले. पहिल्या पाळीचा आठवडा असला की मामा चारला घरी यायचा, चहा व्हायचा, आणि पाच ते सात दोघं शेतावर. मामी शब्दशः तसंच म्हणायची. फोन केला तर म्हणायची, ‘सातनंतर कर गं, आमी शेतावर हाव.’

गावाला आमच्या कुणाच्याही नावावर जमीन नाही. घरामागचं परसू, तेही चार पावलांचं. मामीचं माहेरही तसंच. लहानपणापासून ती दुसऱ्यांच्या शेतात लावणीला जायची, त्यामुळे शेतीतलं सगळं तिला कळायचं आणि त्या गेमवर ती सारखी चिडायची. ‘पावसात कलिंगड कोण लावतं? ह्यांच्या बापानं लावलं होतं काय?’ मामा तिला समजवायचा की हे त्यांच्या देशातलं हवामान आहे. ती म्हणायची, ‘कुठलं का असंना, माती ती मातीच.’ पण काय पेरायचं ते ती ठरवायची आणि मामा गुमान पेरायचा. मी गेले की चिडवायचे, ‘काय मामी, सातबारा झाला का नावावर?’ ती म्हणायची, ‘झाला की पेढे देते.’ तेव्हा मला त्या दोघांची गंमत वाटायची. नंतर नोकरी पक्की झाली, आणि मला त्यांची लाज वाटायला लागली.

ही लाज पहिल्यांदा बाहेर पडली ती आमच्या कॉलेजच्या एका कार्यक्रमात. वाचनावर बोलायला पाहुणा हवा होता. लेखक, प्राध्यापक नेहमीच येतात. यंदा कारखान्यात काम करणारा वाचक बोलवू या, असं मी सुचवलं. प्राचार्यांना कल्पना फार आवडली. मामाला सांगितलं तर तो दोन दिवस झोपला नाही, असं मामी म्हणाली. त्याने पांढरा शर्ट शिवून घेतला. वाशी स्टेशनवर मी त्याला घ्यायला गेले तेव्हा त्याच्या खिशात एक कागद होता, पाठपोट लिहिलेला. रिक्षात त्याने तो मला दाखवला. ‘तपास,’ म्हणाला, ‘तू मॅडम.’

कागदावर मुद्दे घातले होते. पहिला रद्दीवाल्याचा, दुसरा बसमधल्या वाचनाचा. तिसऱ्या मुद्द्यावर त्याने जास्त लिहिलं होतं. गेम खेळता खेळता शब्दकोश घेऊन आपण आणि भाची इंग्रजी वाचायला कसे शिकलो, त्या वह्या अजून कशा जपून ठेवल्या आहेत, आणि मुलांनी खेळातलंही वाचावं, वाचण्याला जागा लागत नाही, असं काहीतरी. मी त्याच्याच खिशातलं पेन घेतलं आणि तो मुद्दा वरपासून खालपर्यंत खोडला. म्हटलं, ‘हे नको मामा. प्राचार्य असतील, आईवडील असतील. लोक काय म्हणतील?’

त्याने कागदाकडे पाहिलं. ‘बरं,’ म्हणाला. ‘मग आपलं दोनच मुद्दे.’

तो छान बोलला. थोडं अडखळला, पण मुलं ऐकत होती. शेवटी एका मुलीने विचारलं, ‘सर, तुम्ही वाचत नसता तेव्हा काय करता?’ मामाने आधी माझ्याकडे पाहिलं. मी पहिल्या रांगेत बसले होते आणि अगदी हलकेच मान हलवली, ‘नाही’ अशी. मग तो त्या मुलीला म्हणाला, ‘तेव्हा पण वाचतोच, बाळा. दुसरं काय करणार?’ टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांत मीही होते.

त्यानंतर मामा माझ्यासमोर कधी खेळला नाही. मी जायची तेव्हा टीव्ही बंद असायचा. एकदा न सांगता गेले तर दार उघडायला वेळ लागला, आणि आत गेल्यावर पाहिलं तर गादीवरच्या उशीखालून रिमोटची वायर बाहेर आली होती. मामा शेजारी पुस्तक उघडून बसला होता. ज्याने मला हाताला धरून वाचायला शिकवलं, तो पन्नाशीचा माणूस माझ्या धाकाने रिमोट उशीखाली सारत होता. मला ते दिसलं, मला ते कळलं, आणि मी काय केलं तर मामीला म्हटलं, चहात आलं घाल. ‘खेळ ना मामा’ हे तीन शब्द होते. ते माझ्या तोंडातून निघाले नाहीत. आज मी ते झोपेतसुद्धा म्हणते.

तो गेला तो एका शुक्रवारी सकाळी. पहिली पाळी होती. डबा भरून झाला होता, बूट घालायला खाली वाकला आणि तसाच कलंडला. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं. वय छप्पन्न.

आमच्यात जलदान विधी झाला की शोकसभा होते. विहारात पांढऱ्या कपड्यांतली माणसं बसतात, वंदना होते, मेणबत्त्या लागतात, मग सचिव एकेकाला आदरांजलीसाठी पुकारतात. गावचे, वाडीचे, कंपनीतले, सगळे चार-चार शब्द बोलतात. गेलेल्याच्या नावाआधी कालकथित लावतात. पण आमच्या शोकसभेत नुसतं रडून चालत नाही, समाजाला काहीतरी देऊन जावं लागतं. गेलेल्या माणसातून बसलेल्या पोरांना बोध मिळायला हवा. म्हणून चांगलं बोलणारा माणूस शेवटी ठेवतात. मला शेवटी ठेवलं होतं.

मी उभी राहिले. जन्मभर ज्याला अरेतुरे केलं त्याला माईकवर ‘ते’ म्हणायला लागले. मामा कारखान्यातले कामगार असूनही कसे वाचायचे, मला त्यांनी शब्दकोश कसा दिला, त्यामुळे मी कशी प्राध्यापक झाले. शब्दकोश दिला हे खरं होतं. कशासाठी दिला ते मी गिळलं. समोर माणसं मान डोलवायला लागली, आणि वर्गात जसं होतं तसं मला चढत गेलं. मी म्हणाले, ‘ज्या वयात लोक टीव्हीसमोर बसून आयुष्य वाया घालवतात, त्या वयात माझे मामा हातात पुस्तक घेऊन बसले. त्यांनी एक क्षणही वाया घालवला नाही.’ माझी आई हुंदका देऊन रडली. सचिवांनी चष्मा काढून पुसला.

मामी अगदी समोर बसली होती, पांढऱ्या साडीत. तिच्या आयुष्यातले रोजचे दोन तास मी माईकवरून वाया घालवलेले ठरवत होते. तिने मान खाली घातली. मला वाटलं, तिला रडू आलं. सभा संपल्यावर ती माझ्याजवळ आली, माझा हात धरला आणि म्हणाली, ‘छान बोललीस गं.’ मी ते खरंच धरून चालले. माणसाला आपली स्तुती कशी लगेच खरी वाटते!

मी असं का केलं याचं उत्तर मला माहीत आहे आणि ते काही फार खोल नाही. मला वाचणाऱ्या कामगाराची भाची व्हायचं होतं. रिमोट घेऊन शेती करणाऱ्या माणसाची भाची व्हायचं नव्हतं. मला माझं मॅडमपण जपायचं होतं, आणि त्यासाठी मी मेलेला माणूस वापरला.

नंतरचं वर्ष कॉलेज, परीक्षा, पेपर तपासणी यांत गेलं. मामीला आठवड्याला फोन करायची, दोन-तीनदा जाऊनही आले. पण दर वेळी घरात पाहुणे असायचे, आणि मी घाईत. पहिला स्मृतिदिन जवळ आला तेव्हा मी तिला म्हटलं, मामाची पुस्तकं विहाराच्या वाचनालयाला देऊ या, मी येऊन निवडते. ती म्हणाली, ‘ये.’

रविवारी दुपारी गेले. कपाट उघडून कॅलेंडरच्या कव्हरांची पुस्तकं खाली मांडली आणि एकटीच हसत-रडत बसले. तेवढ्यात त्या जुन्या वह्यांचा गठ्ठा हाती आला. मामाचं अक्षर, तिरकं. शाप, तळघर, राजद्रोह. मला एकदम वाटलं, बस झालं आता. मामीला म्हटलं, ‘लाव गं टीव्ही. तुमचं शेत दाखव मला. आज मी खेळते तुझ्याबरोबर.’ आणि टीव्हीखालच्या कप्प्याकडे वळले. तिथे विणलेला रुमाल आणि त्याच्यावर मामाचा फोटो होता.

‘मशीन कुठे आहे?’

‘दिलं.’

‘कुणाला?’

‘भंगारवाल्याला. गाडी आली होती खाली.’

मला वाटलं, बिघडलं असेल. तसं विचारलं तर ती म्हणाली, ‘नाय, चांगलं होतं.’ आणि तांदूळ निवडत बसली. मी ताट तिच्या पुढ्यातून काढून घेतलं तेव्हा कुठे ती बोलली.

‘शोकसभा झाली ना, त्याच्या दुसऱ्या आठवड्याला गावची माणसं भेटायला आली. सचिवांची बायको पण होती. तिनं तो रिमोट बघितला. म्हणाली, हे काय हाय, पोरांचा गेम वाटतो. आता मी काय सांगू? तू तर सगळ्यांसमोर सांगितलं होतंस, ते टीव्हीपुढं बसत नव्हते म्हणून.’

‘मग?’

‘मग मी सांगितलं, शेजारणीचं हाय, तिच्या घरात रंगकाम चाललंय म्हणून इथं ठेवलंय. पण रोज कोण ना कोण यायचं, आणि मला वाटायचं, ह्याची नजर तिकडंच हाय. परत कुणी विचारलं आणि माझ्या तोंडून खरं गेलं तर? तू एवढी शिकलेली, कॉलेजात शिकवतेस. सगळ्या गावात तुझं भाषण ऐकतात. तुला खोटं पाडू काय मी?’

मामीचा आवाज चढला नव्हता. ती मला दोष देत नव्हती, एखादं काम कसं पार पाडलं ते सांगत होती. माझी इज्जत राखायला तिने ते घराबाहेर काढलं होतं, आणि मला वर्षभर कळूही दिलं नव्हतं.

‘मी नवीन आणते,’ मी म्हटलं. ‘उद्याच आणते.’

‘आणशील गं. त्यात आमची जमीन असंल काय?’ ती म्हणाली. ‘आठ वर्षं दगड काढले आमी तिथले. आता पहिल्यापासून नांगरायला कोण हाय?’

मग मी रडले आणि रडता रडता जाहीर केलं की स्मृतिदिनाला विहारात उभी राहून सगळं खरं सांगते. शब्दकोशाचं, शेतीचं, सगळं. मामी पहिल्यांदा रागावली. ‘अजिबात नाय. लोकांनी विचारलं तेव्हा मी पण तेच सांगितलंय. ते टीव्ही बघत नव्हते, पुस्तकच वाचायचे, असं मी पण सांगितलंय सगळ्यांना. आता तू मला खोटी पाडणार?’ ताट माझ्या हातातून परत घेऊन ती म्हणाली, ‘यंदा पण तूच बोल. मागच्या वर्षीसारखं.’

स्मृतिदिनाला विहाराच्या दारावर फ्लेक्स लावला होता. त्यावर मामाचा फोटो, पांढऱ्या शर्टातला, आणि खाली मोठ्या अक्षरात माझं वाक्य: ‘एक क्षणही वाया न घालवणारा वाचक.’ सचिव मला म्हणाले, ‘मॅडम, वाक्य तुमचंच घेतलं बरं का.’ आत गेले. वंदना झाली. माझं नाव पुकारलं.

मी चार मिनिटं बोलले. मामा वाचायचे, मला त्यांनी वाचायला शिकवलं, एवढंच. समोर मामी माझ्याकडे एकटक पाहत होती, मुलाला पाठांतर म्हणायला उभं केल्यावर आई पाहते तशी. शेवटी मी म्हणाले, ‘मामा आणि मामी रोज दोन तास एकत्र बसायचे.’ काय करत बसायचे ते सांगितलं नाही. त्या दिवसातलं माझं तेवढं एक वाक्य पूर्ण खरं होतं. मी खाली बसताना सचिव हळूच म्हणाले, मागच्या वेळची मजा आली नाही.

दुपारी मामीच्या घरी जेवणं झाली, माणसं पांगली. आई दमून बाहेर खोलीत आडवी झाली. किचनमध्ये मामी ताटं पुसून रचत होती आणि मी तिच्या हातात एकेक देत होते.

मग ती म्हणाली, ‘ते गेले तेव्हा आमची गाय गाभण होती.’

‘कुठली गाय?’

‘शेतातली गं, आमची. ते गुरुवारी म्हणाले, दोन दिवसांत व्याईल, शनिवारी सुट्टी हाय तेव्हा बघू. नंतर मला लावताच आलं नाय. चालू करायचं काम त्यांचं असायचं, मी आपली नुसता रिमोट धरायचे.’ तिने हातातलं ताट पुसून पुन्हा पुसलं. ‘भंगारात गेल्यावर तिचं काय झालं असंल गं?’

खरं उत्तर मला माहीत होतं.

‘व्याली असेल, मामी,’ मी म्हटलं. ‘कालवड झाली असेल.’

मामीने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. ती रागावलेली नव्हती.

‘तुला बरं येतं गं असं बोलायला,’ ती म्हणाली, आणि पुढचं ताट घ्यायला तिने हात पुढे केला.